गाढव अजून आलं नाही

“मावशी, तुम्ही माझ्यावर जळता का?”

प्रश्न तिचा नव्हता. तोंड तिचं, पण प्रश्न शिडीचा आणि रेडिओचा. वर्गातल्या या दोघी मैत्रिणी. एक उंच म्हणून शिडी, दुसरी एकदा सुरू झाली की बंद होत नाही म्हणून रेडिओ. दोघी आत्ता चर्चच्या फाटकाला टेकून बाहेर उभ्या होत्या, कान टवकारून, जणू तिथवर काही ऐकू येणार होतं. “मागून कुजबुज कशाला? तोंडावर विचार. विचारलंस तर मानलं तुला,” रेडिओ म्हणाली होती, आणि शिडीनं नुसत्या भुवया उडवल्या होत्या, ते जास्त लागलं. कारण हिंमत ही तिची अगदी नवी वस्तू होती, चार महिन्यांपूर्वीची. नवे बूट घेतले की माणूस कारण नसताना घरभर चालून बघतो, तशी ती ही हिंमत पायात घालून सगळीकडे फिरत होती. म्हणून चर्चच्या मागच्या खोलीत, जिथे मोडक्या खुर्च्या आणि जुने पडदे ठेवतात तिथे, ती ताडताड शिरली आणि श्वास न घेता विचारून मोकळी झाली. मावशींची उत्तरंसुद्धा तिनं येता येता स्वतःच तयार ठेवली होती. ‘कोण म्हणतं असं?’ हे एक. ‘एवढीशी पोर तू, कुणाशी बोलतेस?’ हे दुसरं. तिसरं म्हणजे डोळ्यांत पाणी. तिन्हींवर पुढचं वाक्य पाठ होतं.

मावशी टेबलाशी बसून माणसं घासत होत्या. म्हणजे कापडाची माणसं. चर्चमधल्या सगळ्या पोरांच्या या फळामावशी, सख्ख्या कुणाच्याच नाहीत. त्यांच्याकडे लोकरी कापड चढवलेला एक मोठा फळा आहे, आणि जाड कापडातून कातरलेली माणसं, होड्या, मासे, झाडं. मागे काही लावायचं नाही, फळ्यावर नुसतं दाबलं की चित्र चिकटून राहतं. पण वापरून वापरून कापडाची लव बसते, मग प्रेषित गोष्ट चालू असताना टपकन खाली पडतात. म्हणून दर शनिवारी मावशी दातांच्या जुन्या ब्रशनं एकेकाची पाठ घासून लव उभी करतात. चाळीस वर्षं हेच. हातातल्या कोळ्याची पाठ घासून झाली तेव्हा त्यांनी मान वर केली.

“हो,” त्या म्हणाल्या. “जळते ना. चार महिने झाले.” मग पुढचा कोळी उचलला. “ते दार लोटून घे, बाई. वाऱ्यानं माणसं उडतात.”

तिनं दार लोटलं. तयार ठेवलेली तिन्ही वाक्यं पार वाया गेली. एखाद्या पायरीवर पाय टाकावा आणि तिथे पायरीच नसावी, तसं झालं. जळणारी माणसं नाही म्हणतात, हा तर साधा नियम होता. “मग माझा वर्ग बंद करायचा तो अर्ज,” ती कशीबशी म्हणाली, “तो तुम्ही त्यासाठीच...”

“अर्जात लिहिलंय तेही खरं आहे. पोरं तुझ्याकडे त्या काचांच्या गमतीला येतात, गोष्टीला येत नाहीत, असं मला वाटतं. आणि मी जळते, तेही खरं. लिहिताना यातलं किती कुठलं होतं, ते मलाच निवडता येत नाही. प्रार्थनेला बसले की निवडायला घेते. धान्यातले खडे तरी वेगळे दिसतात, हे मेलं सगळं एकाच रंगाचं.” टेबलाला टेकवलेली काठी सरकत होती, ती त्यांनी सावरली. “तुला निवडता आलं तर मला सांग. आणि त्या दोघींना म्हणावं, फाटकाला टेकू नका, कालच रंग दिलाय.”

बाहेर आल्यावर रेडिओनं दंडच धरला. “काय म्हणाल्या? रडल्या का? चिडल्या?” आणि हिच्या तोंडून गेलं, “नाही म्हणाल्या.” का गेलं कुणास ठाऊक. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि चर्चच्या फाटकात तर नव्हतीच. शिडी म्हणाली, “मी सांगितलं होतं, कबूल करणार नाही म्हातारी,” आणि तिच्या कोपरावर हिरव्या रंगाचा एक लांबलचक पट्टा होता. एरवी ती पोट धरून हसली असती. आज तिनं रुमाल दिला, आणि घरी काम आहे म्हणून एकटीच निघाली.

चार महिन्यांपूर्वी ती हजेरीला ‘आहे’ म्हणायची तरी घसा बसायचा. शिक्षक दोनदा नाव घ्यायचे, मग शेजारची तिचा हात वर करायची. घरात तोंडाचा पट्टा आणि बाहेर मुकी, असली ही मुलगी. मग फळामावशी आंघोळीच्या जागी घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि रविवारच्या मुलांच्या वर्गाला कुणी मिळेना, तेव्हा पाळकसाहेबांनी बाबांना विचारलं की तुमची मोठी झाली ना आता, तात्पुरतं बघेल का. तात्पुरतं. पहिल्या रविवारी नऊ पोरं चटईवर बसून तिच्याकडे बघत होती आणि तिची जीभ टाळूला चिकटली होती. तिच्या पिशवीत बाबांची काचांची पेटी होती, दुरुस्तीला न्यायची म्हणून. बाबा चष्मेवाले, पेटीत नंबर काढायच्या गोल काचा, प्रत्येकीला इवलीशी दांडी, आणि काचा बसवायची ती लोखंडी चौकट, जी नाकावर ठेवली की माणूस किड्यासारखा दिसतो. बोलता येईना म्हणून तिनं चौकट काढली, सर्वांत जाड काच बसवली आणि पहिल्या पोरीच्या नाकावर ठेवली. “काय दिसतं?” “भूत,” पोरगी म्हणाली. आणि तिथून गोष्ट सुटली ती सुटलीच. तो आंधळा, ज्याच्या डोळ्यांना येशूनं हात लावला, आणि त्याला माणसं दिसली पण झाडांसारखी, चालणारी झाडं. आणि मग येशूनं पुन्हा हात लावला. दुसऱ्यांदा. ही दुसऱ्यांदाची गंमत तिला लहानपणापासून आवडायची. बाबाही तसंच करतात, एकदा लावून बघतात, मग पुन्हा. तिनं जाड काच काढून रिकामी चौकट ठेवली, आणि पोरीला सगळं लख्ख दिसलं, आणि नऊच्या नऊ पोरं रांगेत उभी राहिली. तिचा आवाज खोलीच्या त्या टोकाला आपटून परत आला तेव्हा तिनं तो पहिल्यांदा ऐकला. बराच बरा होता की.

मग नवाची चौदा झाली, चौदाची सव्वीस. शेजारपाजारची, कधी चर्चच्या दाराशी न फिरकलेली पोरंही यायला लागली. सात वर्षांच्या एकीला जाड काचेतूनच नीट दिसतं हे तिथेच कळलं. बाबांनी तिला गोल चष्मा करून दिला, आणि पोरांनी लगेच तिचं नाव ढापणी ठेवलं. मावशी काठी टेकत परत आल्या तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, ज्यांना जिकडे बसायचं तिकडे बसू दे. मोठ्या खोलीला पायऱ्या, म्हणून मावशींना ती मागची खोली मिळाली. त्यांच्याकडे तिघं गेली. त्यातलं एक त्यांच्या बहिणीचं नातवंड. आता रस्त्यानं चालताना तिला आठवलं, की मावशी परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी वर्ग सुटल्यावर ती मागच्या खोलीच्या खिडकीवरून गेली होती. गरज नव्हती, फाटक दुसऱ्या बाजूला. पण गेली होती. आत तीन डोकी दिसली, आणि छातीत काहीतरी गोड गोड सांडलं. ते तिनं नंतर स्वतःपासून नीट लपवलं. आपण प्रभूचं काम करतो, पोरं येतात, त्याचा आनंद. असं लेबल लावून ती बाटली तिनं फळीवर मागे सरकवून ठेवली होती. मावशींनी आज एका ‘हो’नं ती खाली पाडली. आणि गेल्याच महिन्यात नव्हतं का झालं, की ढापणी पळत जाऊन मावशींच्या पायांना बिलगली, त्यांनी तिला खिशातून कसलीशी गोळी दिली, आणि हिच्या कानांच्या पाळ्या तापल्या? सव्वीसांतली एक. एका मिनिटासाठी. म्हणजे जळायला तीन पोरं उरावी लागतात असंही नाही. सव्वीस असतानाही जळता येतं.

मावशींचा अर्ज मंडळीच्या कमिटीकडे गेला तो मंगळवारी. ‘मुलीचा वर्ग बंद करावा. तिचं अजून दृढीकरण होऊन ती मंडळीची पूर्ण सभासद झालेली नाही. देवाच्या वचनाचा खेळ होतो.’ पाळकसाहेबांना तो पटला नाही. ते उलटच म्हणाले, वर्ग पूर्ण मुलीकडे देऊ, बाईंनी खूप केलं, आता त्यांना विश्रांती. आज संध्याकाळी ते फोन करणार होते, घरचं हो की नाही विचारायला, आणि उद्या उपासनेनंतर जाहीर. आई तर मंगळवारपासून धुमसतच होती. “चाळीस वर्षं त्याच खुर्चीत बसून खुर्चीला माणूस आपलं समजायला लागतं,” आई म्हणाली होती, तोंडात टाचण्या धरून. ती कपडे शिवते, आणि तिची निम्मी मतं टाचण्यांच्या फटीतूनच येतात. सगळा आठवडा ही स्वतःला फार मोठी, फार छळलेली वाटत होती. देवाच्या कामाला विरोध होतोच, असं ती शिडीला आणि रेडिओला मधल्या सुट्टीत सांगत होती, आवाज जरा खाली आणून. आवाज खाली आणला की तो किती छान वाटतो, हेही तिला या चार महिन्यांतच कळलं होतं. आणि हा आवाज परत द्यायचा? वर्ग गेला तर उद्या कुठल्या नावाला ‘आहे’ म्हणायचं? ती भीती खरी होती, रस्ता ओलांडतानासुद्धा तिच्या बाजूनंच चालत होती.

रस्त्यापलीकडे ढापणी उभी होती, एका हातात आईचं बोट, दुसऱ्या हातात फुगलेली पिशवी. चष्मा नाकावरून घसरलेला. “ताई, उद्या कुठली काच?” तिनं लांबूनच ओरडून विचारलं.

“उद्याचं उद्या.” ती खाली वाकली, चष्मा वर सरकवला, आणि सहज विचारावं तसं विचारलं, “मागच्या रविवारची गोष्ट आठवते तुला?”

“हो तर. जांभळ्या काचेची.”

“आणि आधीच्यांतली एखादी?”

“भुताच्या काचेची. ती मला सर्वांत आवडते.”

“त्या गोष्टीत ना, एक आंधळा होता. त्याला कुणी बरं केलं?”

ढापणीनं चष्म्यातून तिच्याकडे बघितलं. काचांमुळे तिचे डोळे मोठे, गोल दिसायचे, मायेनं भरलेले. “तू,” ती म्हणाली.

पोरीची आई हसली, म्हणाली घरी अखंड तुझंच नाव असतं, आणि दोघी गेल्या. ही तिथेच फुटपाथच्या कडेला उभी. कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, ती बाजूला झाली. तू. किती प्रेमानं म्हणाली. चार महिने मी तुझं नाव सांगतेय, प्रभू, ती मनात म्हणाली, सव्वीस जणांना, ओरडून ओरडून, आणि पोरीच्या हातात शेवटी कुणाचं नाव पडलं बघ. रडू आलं नाही. कान मात्र पुन्हा तापले, वेगळ्याच कारणानं. मावशींचं म्हणणं खरं होतं. जळणाऱ्या माणसाचं म्हणणं खरं असू शकतं, याची तर तिनं सोयच ठेवली नव्हती. तिला वाटायचं, एकदा समोरच्याचा हेवा सिद्ध झाला की आपली बाजू आपोआप बरोबर ठरते.

आणि मग, तिथेच, भर वर्दळीत, तिला गाढव आठवलं.

ती सहा वर्षांची होती. फळ्यावर येशू गाढवावर बसून शहरात येतो त्याची गोष्ट होती, आणि ते गाढव मावशींनी आपल्या जुन्या कोटातून कातरलेलं, राखाडी, कानांच्या आत गुलाबी कापड. इतकं मऊ की गालाला लावलं की झोप यावी. वर्ग सुटताना ते तिच्या खिशात कसं गेलं ते तिला सांगता आलं नसतं. घरी उशीखाली. पुढच्या रविवारी मावशींनी डबा उघडला, चाळला, पुन्हा चाळला. तिला वाटलं, आता सगळ्यांचे खिसे बघतील. मावशींनी झाकण लावलं, फळ्यावर शहर लावलं, झाडं लावली, माणसं लावली, येशूला एका बाजूला उभं केलं आणि म्हणाल्या, “दोन शिष्य गाढव आणायला गेलेत. गाढव अजून आलं नाही. आपण थांबू.” आणि खरंच थांबल्या. सबंध वर्ग त्या रिकाम्या जागेकडे बघत बसला. मग दुसरंच गाणं घेतलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच शहर, तीच झाडं, मधे जागा. “अजून आलं नाही. काही हरकत नाही, वाट बघणारा चांगला आहे.” पोरं हसायला लागली, एकानं सांगितलं चालत जा म्हणावं. तिसऱ्या रविवारी ती सर्वांच्या आधी पोचली आणि गाढव डब्यात टाकून कोपऱ्यात जाऊन बसली. मावशींनी डबा उघडला. कुणाकडे बघितलं नाही. तिच्याकडे तर नाहीच. गाढव उचललं, पाठ घासली, फळ्यावर दाबलं. “आलं बघा,” त्या म्हणाल्या. “मालकाला सांगितलं, प्रभूला याची गरज आहे. आणि मालकानं सोडलं. चांगला मालक.”

चांगला मालक. नऊ वर्षं तिनं ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. तिला येशू पहिल्यांदा कुठे भेटला असं कुणी विचारलं, आणि साक्ष द्यायची वेळ आली, तर ती उत्तरं देते ती मोठी मोठी असतात. खरं उत्तर त्या फळ्यावरची रिकामी जागा होती. तिच्याकडे न बघणारी मावशींची नजर होती. ज्या बाईनं तिला चोर म्हणायची संधी तीन आठवडे हातात असून सोडून दिली, तिला ती आज भर दुपारी, मैत्रिणींच्या पैजेवर, हेवेखोर म्हणून पकडायला गेली होती. आणि त्या बाईनं तेव्हाही स्वतःला लपवलं नाही. ‘हो’ म्हणाली आणि दार लोटायला सांगितलं.

घर दुकानाच्या मागेच. बाबा बाहेरची पाटी आत घेत होते. आत आई मशीनवर, टाचण्या तोंडात. टेबलावर तीन ताटं पालथी घातलेली, आणि त्यांच्या शेजारी काचांची पेटी, बाबांनी उद्यासाठी पुसून ठेवलेली. ती पेटी बघून तिचा धीर क्षणभर सुटला. एकेक काच पुसलेली. बाबांना ही पेटी चर्चला जाते याचा किती अभिमान होता ते बोलायचे नाहीत, नुसतं शनिवारी पुसायचे.

“पाळकसाहेब येतीलच फोनवर,” आई म्हणाली. “हो म्हणून सांगायचं. आणि त्या अर्जाचा विषय मी काढणार आहे, तू मधे पडू नकोस.”

“आई, अर्ज मधे आणू नकोस. तो बरोबर आहे.”

मशीन थांबलं. आईनं एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या आणि त्यांच्या इवल्या गादीला टोचल्या, म्हणजे आता पूर्ण बोलणार. “कोण काय बोललं तुला?”

“कुणी नाही. मी विचारलं मावशींना, जळता का म्हणून. त्या हो म्हणाल्या.”

बाबा दारातच थांबले. “तू असं विचारलंस?”

“हो. चुकलं. आणि शिडीला मी खोटं सांगितलं, ते सोमवारी दुरुस्त करावं लागेल, कसं ते माहीत नाही.” ती भराभर बोलत होती, थांबली तर घसा बसेल असं वाटत होतं. “आणि ढापणीला वाटतं आंधळ्याला मी बरं केलं. आणि मावशींचं गाढव लहानपणी मी चोरलं होतं.”

“कुठलं गाढव?” आई म्हणाली.

“कापडाचं.”

बाबा खुर्ची ओढून बसले. त्यांनी पेटीवर हात ठेवला, उघडली नाही. “नीट बघ हं,” ते गिऱ्हाइकाशी बोलतात त्या आवाजात म्हणाले. नंबर काढताना ते कधी घाई करत नाहीत. माणूस घाबरून चुकीचं उत्तर देतो, म्हणतात. “एकदा दिसलं म्हणून लगेच सांगू नकोस. पुन्हा बघ.”

“पुन्हाच बघतेय, बाबा.”

“आणि हे काय, माघार?” आईचा आवाज कापला, तेव्हा हिला कळलं की आई मंगळवारपासून चिडली नव्हती, घाबरली होती. “तुला बोलताना बघितलंय मी त्या खोलीत. दाराआड उभी राहून. पंधरा वर्षं मी त्या आवाजाची वाट बघत होते. एका बाईनं अर्ज केला म्हणून तू पुन्हा गप्प बसणार?”

ती आईजवळ गेली, मशीनच्या चाकावर हात ठेवला. चाक अजून कोमट होतं. तिला सांगायचं होतं की भीती मलाही तीच वाटते, आत्तासुद्धा, आणि तरी आवाज बघ, येतोय. “गप्प नाही बसणार गं. मला सांगायचंच आहे, सगळ्यांना, शाळेत पण. पण पोरांच्या तोंडातून माझं नाव गळून प्रभूचं येईपर्यंत मला कुणाच्या तरी हाताखाली सांगायचंय.”

“आणि त्यांनी नको म्हटलं तर? हाकललं तर?”

“तर दारात बसेन. वाऱ्यानं माणसं उडतात, दार धरायला कुणी लागतंच.”

फोन वाजला. आईनं बाबांकडे बघितलं, बाबांनी तिच्याकडे, आणि दोघांपैकी कुणीच उठलं नाही. तिनं काचांची पेटी उचलली आणि दुकानातल्या तिच्या जागी, फळीवर नेऊन ठेवली. परत आली तेव्हा फोन वाजतच होता.

“बाबा, त्यांना सांगा, मुलीनं ठरवलंय,” ती म्हणाली. “वर्ग मावशींचाच. सव्वीसही जणांना मी उद्या त्यांच्या खोलीत घेऊन जाते. गोष्ट त्या सांगतील, फळ्यावर माणसं मी लावीन.”